मागच्या खुर्चीतला माणूस

फरामर्जदाजींच्या बैठकीत पुस्तकांपेक्षा हेलिकॉप्टरं जास्त. वीतभर लांबीची, धातूची, सगळी लढाऊ. माझी बहीण महलका दर शुक्रवारी त्यांच्यावरची धूळ पुसते आणि पुसता पुसता नवऱ्याला सोलून काढते. म्हणते, इस्फहानचा माणूस म्हणजे चिक्कू, साखरेच्या एका खड्यावर दोन पेले चहा मारतो, आणि आमच्या घरात हा नवाब खेळण्यांवर पेन्शन उधळतोय.

लढाईत दाजी कोब्रा हेलिकॉप्टरवर तोफ चालवायचे. त्यात तोफवाला पुढे बसतो आणि वैमानिक त्याच्या पाठीमागे, जरा उंचावर. त्यांचा वैमानिक कियुमर्स, शिराजचा, भारी बडबड्या. खालून गोळ्या आल्या तेव्हाही दाजींच्या कानात त्याचाच आवाज होता, की टेकवतो रे, पाय आखडून घे. त्यानं टेकवलं. मग आवाज थांबला. दाजींच्या मानेला असा हिसका बसला होता की मागं वळून बघता येईना. त्यांना पुढून ओढून काढलं, कियुमर्सला दुसऱ्या गाडीत घातलं. तो वाटेतच गेला. दाजी अजून विचारतात, आवाज तर शांत होता, पण तेव्हा त्याचं तोंड कसं दिसत असेल?

तेव्हापासूनचा हा नाद. पण दुकानातल्या कोब्रांत माणसंच नसतात. काचेखाली नुसत्या खुर्च्या. दाजी नवा आणायचे, आत डोकवायचे आणि न बोलता फळीवर ठेवून द्यायचे.

गेल्या हिवाळ्यात दुकानदार सियामकनं दुबईहून एक मागवला. आत दोन्ही माणसं. दाजींनी पैसे काढले तर तो रीतीप्रमाणे म्हणाला, तुमच्यापुढे पैसे कसले, जनाब. दाजींनी रीतीप्रमाणे आग्रह केला, मग त्यानं घेतले. वर बजावलं, खोकं फोडू नका, फोडलं की मोल गेलं.

दाजींनी घरी येताच फोडलं. काच काढली, पुढचा माणूस चिमट्यानं उपटला, आडवे येणारे त्याचे पाय कापले आणि तो मागं तोंड करून चिकटवला.

पुढं सियामक चहाला आला तेव्हा त्याच्या नजरेला ते पडलंच.

"जनाब, हा उलटा बसलाय. कारखान्याची चूक. द्या, बदलून आणतो."

"मीच बसवलाय."

"अहो, असा बसून तोफ कशी मारेल तो?"

"मारायची नाही त्याला," दाजी म्हणाले. "बघायचंय."

सियामकनं पेला खाली ठेवला. महलका वाकून काचेतून बघत होती.

"पण मागच्याला तोंड कुठंय?" ती म्हणाली. "नुसता गुलाबी ठिपका."

महलका उंटाच्या हाडावर बारीक चित्रं काढते, बाजारात विकते. मांजरीच्या केसांचा कुंचला घेऊन ती दिव्याखाली बसली. काच परत काढली.

"सांगा. हसरा काढू, की कसा?"

दाजी तिच्या शेजारी येऊन बसले. कुंचल्याच्या टोकावरचा रंग वाळला. महलकानं तो धुतला, पुन्हा रंगात बुडवला आणि हात तसाच उचलून धरला.