निवडलेले शंभर दाणे

आज सकाळी उमापूरला भावाकडे होतो. घरचंच सोयाबीन बियाणं म्हणून ठेवलेलं. उगवण तपासायला वहिनीने पोत्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले होते. सत्तराच्या वर उगवले, तरच ते पोतं पेरायचं.

आज गोणपाट उघडलं. एक्क्याऐंशी कोंब.

"झालं! उद्या पेरू," भाऊ म्हणाला.

पुतणी बी.एस्सी.ला संख्याशास्त्र शिकते. तिने कागदावर आकडेमोड केली. "पोत्याची खरी उगवण सत्तरच असती, तर नुसत्या योगायोगाने एक्क्याऐंशी क्वचितच आले असते. म्हणजे बियाणं चांगलं हाय."

मग ती थांबली. "आई, दाणे कसे घेतलेस गं?"

"कसे म्हंजे? निवडून. फुटकं, किडकं बाजूला काढलं."

"कावून पण? का काढलं?"

"परीक्षेला फुटकं बसवायचं व्हय?"

भाऊ हसला. "मग पेरायचं बी निवडू की."

"चार एकराचं? बसा तुमी निवडत."

गणित बरोबर होतं. पण त्यातून कळलं ते फक्त वहिनीने निवडलेल्या दाण्यांबद्दल. पोत्याचं काहीच कळलं नव्हतं.

पुन्हा शंभर काढायचे ठरले. वहिनीने डोळे मिटून पोत्यात हात घातला. तरी तिची बोटं फुटका दाणा चाचपून मागे टाकत होती. शेवटी पुतणीने पोतं हलवून वाटी बुडवली आणि आले तसे शंभर मोजून गुंडाळले.

पेरणी लांबली.

तुमच्याकडे हे दाणे कोण काढतं? आणि डोळे मिटल्यावर त्यांची बोटं थांबतात का?