प्रेमला सिस्टरची डबी

दिल्लीतल्या एका तुरुंगाच्या दवाखान्यात प्रेमला मेश्राम बारा वर्षं नर्स होती. एवढ्या वर्षांत तिला माणसं चेहऱ्यापेक्षा खोकल्यावरून लवकर ओळखू यायला लागली होती. बिडी ओढणाऱ्याचा खोकला सकाळीच, भांडं खरवडल्यासारखा. कामचुकाराचा फार जोरात, तोही डॉक्टर दिसल्यावरच. टीबीचा मात्र दमलेला. माणूस बोलत असताना वाक्याच्या मधोमध येऊन बसायचा आणि उठायचं नाव घ्यायचा नाही.

दर मंगळवारी संशयितांची थुंकी गोळा व्हायची. सगळ्यांना उघड्या अंगणात उभं करायचं, हातात प्लास्टिकची डबी द्यायची, आपण वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "सामने खांसो." हा तिचा कायदा. कारण टीबी निघाला की जेवणात अंडं आणि दूध मिळे, म्हणून धडधाकट गडी आजाऱ्याची थुंकी मागून आणत. आणि ज्याला टीबी वॉर्डात जायचं नसे, तो धडधाकटाची आणी. तिच्या समोर हे जमत नसे. तिला नुसत्या आवाजावरून कळायचं, कोणाच्या छातीतून काय येतंय ते.

पण गेले तीन आठवडे प्रेमला स्वतःच खोकत होती. समोर दहा जण खोकू लागले की तिलाही ढास लागे, आणि कैदी टकामका बघत. म्हणून एका मंगळवारी तिने पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. "जाओ, दीवार के पीछे करके लाओ. जल्दी."

"आज सिस्टर को क्या हुआ?" कोणीतरी म्हणालं. पण पटापट गेले सगळे.

दिल्लीतल्याच द्वारकेच्या घरी तिने वेगळी युक्ती काढली होती. ती पकडली श्रावस्तीने, तिच्या बारावीतल्या मुलीने.

"आई, तू कुकरच्या शिट्टीबरोबर खोकतेस. नोटिस केलंय मी."

"काहीतरीच."

"थांब, दाखवते." श्रावस्तीने ओठांचा चंबू करून लांब शिट्टी मारली आणि तिच्याखाली, पदरात दाबल्यासारखा, बारीक खोकला सरकवला. हुबेहूब. काशीनाथ, कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाउसात हेडक्लार्क असलेला प्रेमलाचा नवरा, चहा सांडेस्तोवर हसला. प्रेमलाही हसली. हसण्याचा शेवट खोकल्यात झाला.

"दिल्लीची धूळ गं. ढास लागते."

"ढास म्हणजे?"

"खोकल्याची उबळ."

"उबळ म्हणजे? यार आई, टेस्ट कर ना! दुसऱ्यांना तर केवढी ओरडतेस."

"तिच्याकडे मशीन आहे, दोन तासांत रिपोर्ट," काशीनाथ म्हणाला. "पण नर्सबाईंना सांगणार कोण?"

प्रेमलाला गोळ्यांची भीती नव्हती. सहा महिन्यांत बरी झालेली शेकडो माणसं तिने पाहिली होती. पण थंडीत हीटर एकाच खोलीत लागे, आणि त्या खोलीत, बंद खिडकीआड, एकाच पलंगावर मायलेकी झोपत. तोंडाशी तोंड. आपल्याला निघाला तर पोरीलाही तपासावं लागणार. आपली डबी रिकामी आहे तोवर पोरीला काही झालेलं नाही. हा हिशेब खुळा आहे, हे तिला कळत होतं. एखाद्या कैद्याने असलं काही सांगितलं असतं, तर तिने त्याला हिंदी-मराठी दोन्हीत झापलं असतं. पण रात्री पोरगी कुशीवर वळली की प्रेमला भिंतीकडे तोंड करून हलकेच श्वास घेई.

त्या मंगळवारनंतर सोळा दिवसांनी सतवीरला उचलून आणलं. हा मानेसरच्या एका कारखान्यात कामाला होता. खटला अजून चालू होता. टॉवेलवर रक्त पडलं होतं. प्रेमलाने त्याचा मागचा रिपोर्ट काढला. स्वच्छ.

"ये किसकी डब्बी थी?"

सतवीर छताकडे बघत राहिला. "मोनू की, जो मेरे पीछे खड़ा था. दीवार के पीछे दोनों उसने भर दी."

"क्यों?"

"कोर्ट में पेशी थी, सिस्टर जी. टीबी वालों को गाड़ी में ना ले जाते, जेल से ही टीवी पे निपटा देते हैं. मेरी छोरी आवै है कोर्ट में. टीवी में छोरी ना दिखती."

प्रेमलाचे ओठ शिव्यांसाठी उघडले आणि तसेच मिटले.

संध्याकाळपर्यंत सतवीरच्या बरॅकीतले आणखी दोघे टीबीचे निघाले. त्यातला एक म्हातारा, आधीच साखरेचा रोगी. मोनूचा खोकला कोरडा, सतवीरचा डब्यात खडे हलवल्यासारखा. ती अंगणात उभी असती तर डोळे मिटूनही तिला फरक कळला असता.

तिने कपाटातून नवी डबी घेतली आणि अंगणाच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. बरॅकीच्या गजांआडून लोक बघत होते. बघू देत. तिने मास्क खाली केला, छाती भरून श्वास घेतला आणि खोकली. तिला तो आवाज ओळखू आला. मग झाकण घट्ट लावलं.

दोन तासांनी देविकाने मशीनचा कागद आणला. केरळची ही नर्स आठ वर्षं तिच्या जोडीला होती. कागद दाखवून तिने फॉर्म पुढे ओढला. "घर में कौन-कौन है, प्रेमला?"

"काशीनाथ. इक्यावन."

"और?"

देविका पेन धरून थांबली.

"श्रावस्ती," प्रेमला म्हणाली. "सतरा. एक ही बिस्तर पे सोते हैं. वो भी लिख."

मग तिने घरी फोन लावला.

"उद्या शाळा नाही. तुझा एक्स-रे काढायचाय. मला टीबी निघालाय."

"तुला माहीत होतं?"

"अंदाज होता. पाच आठवडे."

"वाह, आई. बिल्कुल वाह." आवाज फाटला, मग सावरला. या खेपेला ती कोणाचीही नक्कल करत नव्हती. "मास्क लाव. मेट्रोने येऊ नकोस, ऑटो कर. आजपासून आतल्या खोलीत तू एकटी. मी आणि पप्पा हॉलमध्ये."

"बरं. खिडकी उघडून ठेव."

"थंडी आहे."

"तरी ठेव, राणी."

"दोन्ही उघडते," श्रावस्ती म्हणाली, आणि फोन न ठेवताच उठून गेली. प्रेमला कानाला फोन लावून बसली. पलीकडे गारठ्याने अडकलेली कडी कोणीतरी हिसके देऊन ओढत होतं.