मुर्ध्यातलं सागवानी दार

डावा डोळा गेला त्या वर्षी मी देवाशी बोलणं बंद केलं. रागाने नव्हे. राग असता तर निदान भांडले असते. सकाळी दिवा लावायचा, फूल ठेवायचं, हात जोडायचे आणि मनात काहीच आणायचं नाही, असं चाललं होतं. काचबिंदू होता. तो कधी आला आणि आतली नस सुकवून कधी मोकळा झाला, मला कळलंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आता उजवा सांभाळा, थेंब चुकवू नका. भाईंदर पूर्वेला आमच्या दोन खोल्यांच्या घरात बसून मी बायकांचे ब्लाउज शिवायची. सुईत दोरा ओवताना रोज वाटायचं, हा डोळाही असाच न सांगता निघून गेला तर? डाव्याची नजर परत यावी म्हणून मी काय करायचं ठेवलं होतं? गावच्या देवीला नवस बोलले, मंगळवार धरले, कुणी सांगितलं तो अंगारा लावला. एवढं करून डावा गेला तो गेलाच. मग बोलायचं तरी काय?

त्या दिवसांत मला एकाच गोष्टीने बरं वाटायचं. जुनी दारं बघायला जायचं. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण माझे वडील सुतार. लांज्याजवळ आमचं गाव. लहानपणी मी भुशात खेळले, रंध्याच्या कुरळ्या सालींचे कानातले करून घातले. वडील नवी चौकट उभी करायचे तेव्हा घरमालकीण तिला हळदकुंकू लावायची आणि मग वडील एक पाऊल मागे सरून, मान तिरकी करून तिच्याकडे बघत राहायचे. ते बघणं माझ्यात उतरलं असावं. आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक मजल्यावर सारखीच गुळगुळीत दारं, त्यांच्यापुढे लोखंडी जाळी. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. म्हणून दुपारची कामं आटोपली की मी पूल ओलांडून पश्चिमेला जायची, उत्तनकडे जाणारी बस धरायची आणि राईला उतरायची. राई, मुर्धा, मोर्वा ही एकाला एक लागून असलेली आगरी गावं. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला वाल-भेंडीची शेतं, आणि मधून गेलेला रस्ता. रस्त्यावरून आत वळलं की गल्ल्या लागायच्या.

बरीच घरं तेव्हा पाडून स्लॅबची झाली होती. पण मध्येच एखादं कौलारू घर तग धरून असायचं आणि त्याला असायचं ते दार. कुणाची चौकट खालपासून वरपर्यंत वेलबुट्टीने भरलेली, कुणाच्या फळ्यांवर पितळेची फुलं, कुणाची वरची साखळी इतकी वापरलेली की कडीखाली लाकडात चंद्रकोरीसारखी घळ पडलेली. एका दाराला फट पडली होती आणि तिच्यात कुणीतरी सिमेंट भरून वर तपकिरी रंग फासला होता. ते बघून वडील किती चिडले असते या विचाराने मी रस्त्यातच हसले. पहिल्या पहिल्यांदा लोक संशयाने बघायचे. एका भाडेकरू बाईने विचारलं, "रूम चाहिए क्या? इधर कोई खाली नहीं है." मी म्हटलं, "नहीं, सिर्फ दरवाजा देख रही हूँ." तिने आत जाऊन नवऱ्याला बोलावून आणलं. पुढे सगळ्यांना सवय झाली. मुलं ओरडायची, दारवाली बाई आली.

माझे यजमान म्हणायचे, "दारं बघतेस, आतली माणसं कुठे बघतेस?" ते थट्टेने म्हणायचे, पण खरं होतं. मी कुणाच्या घरी कधी गेले नाही. आणि अजून एक होतं, ते मी त्यांनाही सांगितलं नव्हतं. या दारांच्या चौकटीवर, वरच्या आडव्या पट्टीच्या मधोमध, गणपती कोरलेला असतो. मी सगळं दार न्याहाळायची, पण त्या पट्टीपर्यंत आले की नजर खाली वळवायची. मला लाकूड बघायचं होतं. त्याला नव्हतं बघायचं.

माघाचे दिवस होते, उन्हं अजून तापली नव्हती. शनिवार होता. मुर्ध्यात देवळामागच्या गल्लीत एक घर होतं, त्याचं दार मला सगळ्यांत आवडायचं. सागवानी, दोन फळ्यांचं, तेल पाजून पाजून काळसर झालेलं. दोन दिवसांपासून माझ्या डोळ्यासमोर बारीक काळे ठिपके तरंगत होते आणि कडेला वीज चमकल्यासारखं व्हायचं, पण मी ते जागरणावर ढकललं होतं. त्या दारासमोर उभी राहिले आणि काही वेळाने उंबरा दिसेनासा झाला. मला वाटलं सावली आली. मी पापण्या मिटल्या, उघडल्या. भरतीच्या वेळी मिठागरात पाणी शिरतं तसा काळोख खालून वर चढत होता. उंबरा गेला, फळ्यांची खालची नक्षी गेली, कडीकोयंडा गेला. डावीकडे अंधार होताच. उरली फक्त वरची पट्टी आणि तिच्यावरचा तो छोटासा, कान झिजलेला गणपती. इतके महिने ज्याच्याकडे बघायचं टाळलं, तेवढाच बघायला उरला होता.

मी ओटीच्या पायरीवर बसले, म्हणजे हाताने चाचपत कशीबशी टेकले. ओरडले नाही. मनात एकच आलं, आला, तोच काचबिंदू या डोळ्यालाही आला, आणि गेलेली नजर परत येत नाही. आता कसंतरी घरी जायचं आणि पडून राहायचं. बाकी काही करण्यासारखं नाही. मला रडू आलं ते आवाज न करता, पण पायरीशी कुणीतरी आहे हे आत कळलं असावं, कारण कडी वाजली.

"कोन हाय गो तिथं?" म्हाताऱ्या बाईचा आवाज होता.

मी म्हटलं, "काही नाही आजी, जरा बसले. दिसेनासं झालंय. थोड्या वेळाने जाईन."

मग तिचा हात माझ्या खांद्यावर आला, खांद्यावरून गालावर, आणि तिथेच थांबला. "कसं दिसेनासं झालं? धुकं आल्यासारखं, का पडदा आल्यासारखं?"

"पडद्यासारखं. खालून वर."

"चमकत होतं का आदी? माश्या उडतात तसं काय दिसत होतं?"

मी हो म्हटल्यावर तिने माझा हात घट्ट धरला. "उठ. घरी जायाचं न्हाय. आत ये आदी, उंबऱ्यावरून पाय उचल. मलापन दिसत न्हाय, पन घर माजं हाय, मी नेते तुला."

अशी मी पहिल्यांदा त्या गावातल्या एका घरात गेले. ज्या दाराला बाहेरून इतक्या वेळा बघितलं, त्यातून आत जाताना मला ते दिसलं नाही. तिने मला खाटेवर बसवलं, मान हलवू नको म्हणाली, आणि माझ्याशेजारी बसून सगळं सांगितलं. तिचा एक डोळा लहानपणी देवी आल्या त्यात गेला होता. दुसऱ्यावर तिने सगळा संसार केला, मिठागरावर कामाला गेली, मुलं वाढवली. मग एके दिवशी त्या डोळ्याला असाच पडदा आला. घरात मुलीचं लग्न होतं. ती कुणाला काही बोलली नाही. हळद होऊ दे, लग्न होऊ दे, पाचपरतावन होऊ दे, मग बघू. नंतर मुंबईला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आजी, डोळ्याच्या आतला हा पडदा सुटला त्याच दिवशी आला असतात तर परत चिकटवून दिला असता.

"मी तवाच ध्यानात ठेवलं," ती म्हणाली. "परत चिकटतो. पन त्याच दिवशी जायाचं."

"पण माझा काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले होते, गेलेली नजर येत नाही."

"तो दुसरा असंल. तुजा पडदा हाय. तू बोलू नको आता, ऐक माजं."

मी ऐकलं. माझ्यात वाद घालायचं बळ नव्हतं, एवढंच खरं. आयुष्यात प्रत्येक गोष्ट मी स्वतः ठरवून करणारी बाई. कापड बेतण्यापासून मुलीच्या कॉलेजपर्यंत सगळं माझ्या हिशेबाने. त्या दुपारी मी एका अनोळखी बाईच्या हाती हात दिला आणि ती म्हणेल ते करत गेले. तिच्या सुनेने माझ्याकडून नंबर विचारून यजमानांच्या ऑफिसला फोन लावला आणि त्यांना थेट इस्पितळात यायला सांगितलं. तिचा मुलगा टेम्पोने भाजी पोचवायचा. एरवी या वेळी तो बाजारात असायचा, त्या दिवशी माल कमी होता म्हणून जेवायला घरी आला होता. तो अर्ध्या ताटावरून उठला. त्याने मला टेम्पोत पुढे बसवलं, सून मागून येऊन माझं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून बसली. म्हातारी दारापर्यंत आली होती. गाडी सुरू होताना ती म्हणाली, "सांभालून ने रे, खड्डे चुकव." आणि त्याने खरोखरच वाटभर खड्डे चुकवले. घोडबंदरच्या नाक्यापासून पुढे तो इतका हळू चालवत होता की मागच्या गाड्या भोंगे वाजवून वैतागल्या.

मुंबईच्या डोळ्यांच्या इस्पितळात बाह्यरुग्ण विभाग बंद होत आला होता. यजमान आमच्या आधीच पोचून दारात उभे होते. निघायच्या तयारीत असलेल्या डॉक्टरबाईंनी बॅग खाली ठेवली आणि माझा डोळा तपासला. बराच वेळ तपासला. मग म्हणाल्या, "हा काचबिंदू नाही. पडदा सुटलाय, पण मधला भाग अजून धरून आहे. आज आलात हे फार चांगलं केलंत. एकदोन दिवस गेले असते तर मी तुम्हाला काही सांगू शकले नसते." दुसऱ्या दिवशी, रविवार असूनही, त्यांनी ऑपरेशन केलं. टेम्पोवाले दादा आणि त्यांची बायको पहिल्या रात्री घरी परतले ते मला आत नेल्यावरच. यजमानांनी त्यांना चहा तरी घ्या म्हटलं, तर म्हणाले, आईला जाऊन सांगायचंय, ती जेवली नसंल.

ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात वायू भरतात, तो पडद्याला दाबून धरतो. त्यासाठी तोंड खाली करून राहावं लागतं. जेवताना, बसताना, झोपताना, कायम खाली. मला पालथं झोपवून कपाळाखाली उशी दिली होती. पहिल्या दिवशी मान दुखून जीव नकोसा झाला. दुसऱ्या दिवशी कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी देवापुढे दंडवत घातल्यासारखी पडले आहे. आयुष्यात इतका वेळ मी कुठल्याही देवळात डोकं टेकवलं नव्हतं. घाईघाईत टेकायचं आणि उठून मागणं मागायचं, एवढंच माहीत. आता उठायची सोय नव्हती. डोळा राहतो की जातो हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं, माझ्या हातात तर काहीच नव्हतं. आणि नवल म्हणजे त्या काही नसण्यात मला हळूहळू शांत वाटू लागलं. मी म्हटलं, हे बघ, तुला काय करायचं ते कर. मी इथेच आहे. बऱ्याच दिवसांनी मी त्याच्याशी बोलले ते एवढंच.

डोळा राहिला. पूर्वीसारखा नाही. सरळ रेघ किंचित वाकडी दिसते, कडेचं थोडं दिसत नाही, आणि बारीक शिवण मी सोडून दिली. पण माणसं दिसतात, वाचता येतं, मुलीचं लग्न मी डोळ्यांनी बघितलं. कुणी म्हणतं योगायोग, कुणी म्हणतं पूर्वपुण्याई. मी त्या वादात पडत नाही. त्या गल्लीत इतकी दारं होती, आणि मी नेमकी त्या एका दारापुढे उभी होते, एवढं मला माहीत आहे.

बरी झाल्यावर मी आणि यजमान मुर्ध्याला गेलो. जाताना साडी, नारळ आणि घरी केलेले लाडू घेतले. आजी ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. मी पाया पडले. तिने आवाजावरून ओळखलं आणि पुन्हा तसाच गालावर हात ठेवला. "दिसतं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "दिसतं आजी. तुमच्यामुळे दिसतं."

तिची बोटं पुन्हा शेंगेकडे गेली. मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "म्हंजे माजा डोला वाया न्हाय गेला."

माझा डोळा का गेला हा प्रश्न मी देवाशी न बोलताही इतके दिवस धरून बसले होते, हिशेब मागावा तसा. या बाईला दोन्ही डोळे गेल्यावरही तो प्रश्न पडला नव्हता, किंवा पडून विरून गेला होता. तिने आपलं दुःख जपून ठेवलं ते कुणाच्या तरी कामी यावं म्हणून, आणि ज्या दिवशी मी तिच्या पायरीवर येऊन बसले त्या दिवशी ते काढून माझ्या हातात दिलं. माझ्या डाव्या डोळ्याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. पण ते मागायचं मी सोडलं आहे.

निघताना आजी म्हणाली, "तू दारं बघतेस ना? सून बोलत होती. मंग माजं दार कसं हाय ते सांग. माजा हात लागतो, पन रंग न्हाय कलत." मी तिला उठवून दारासमोर उभं केलं आणि वरपासून सांगायला लागले. गणपतीचे कान झिजलेत, पण सोंड शाबूत आहे. वेलीवर कमळं आहेत, मधलं कमळ अर्धवट उमललेलं. उजव्या फळीला बारीक चीर गेली आहे. लाकूड काळं नाही आजी, उन्हात बघितलं तर आतून तांबूस आहे, पिकल्या कोकमासारखं. ती मान डोलवत ऐकत होती. मी थांबले की म्हणायची, "अजून?" आणि मी पुन्हा बघायची, अजून काय आहे ते सांगायला.