केळीच्या धाग्याची पाटी

पाण्याचा टँकर आला की आमच्या बिल्डिंगखाली रांग लागते, आणि रांग लागली की बातम्या तयार होतात. २००२च्या एप्रिलमध्ये तिथे असं ठरलं की ॲन्सेल्म अंकलनी गोखिवऱ्याचा गाळा जाळला. माझ्या पुढे उभ्या असलेल्या सुमेधाकाकूंनी तर तो जळताना पाहिलाही होता. "धूर केवढा, आणि वास कसला, तर करपलेल्या गुळाचा," म्हणत त्यांनी हंडा खाली ठेवला, दोन्ही हातांनी धूर केवढा ते दाखवलं, आणि तेवढ्यात त्यांचा नंबर गेला.

गाळा जागेवर आहे. जळला तो केळीचा धागा, साडेतीन किलो, मशीनच्या पोटात. आणि जाळला तो अंकलच्या हाताखालच्या काशीरामने.

ॲन्सेल्म अंकल आमचे शेजारी. बिल्डिंगच्या भिंतीपलीकडे त्यांची केळीची वाडी आणि घर. सोळा वर्षं ते गोखिवऱ्यात जितेश शेठच्या गाळ्यात प्लास्टिकच्या मशीनवर आहेत. वरून दाणे टाकायचे, ते आत वितळतात, साच्यात दाबले जातात, आणि थंड झाले की बादलीची कडी बाहेर पडते. सोळा वर्षं कड्याच. मग गेल्या उन्हाळ्यात त्यांची बायको, इनेझ आंटी, जेवताना म्हणाल्या की पाचूबंदरला त्यांच्या भावाच्या, सेबेस्टियनच्या, टेम्पोत मासळीच्या प्लास्टिकच्या पाट्या एकावर एक रचल्या की उन्हाने खालची पाटी मऊ पडते, वाकते, आणि पापलेटाचं पिठलं होतं. अंकल त्या वेळी घास हातात धरून बसले म्हणे. घड काढला की केळीचं खोड आपण फेकून देतो. त्याचा धागा प्लास्टिकमध्ये घातला तर? कुडाच्या भिंतीला लावायच्या मातीत तूस घालतात ते कशाला?

शेठना हे पटायला वर्ष लागलं. शेठ प्रत्येक वाक्य "देखो"ने उघडतात आणि "समजा?"ने कुलूप लावतात. "देखो ॲन्सेल्मभाई, दुनिया कचऱ्यातून प्लास्टिक वेगळं काढते, तुम्ही प्लास्टिकमध्ये कचरा घालता. समजा?" पण शेवटी त्यांनी ओळखीच्याकडून पाटीचा साचा तीन आठवडे उसना आणला आणि अट घातली. शेवटच्या शनिवारी पाटीत वीस किलो ओली वाळू भरायची आणि छातीच्या उंचीवरून दहा वेळा पाडायची. टिकली तर दोन नंबरचं मशीन अंकलचं. फुटली तर त्या मशीनलाही कड्या, आणि गाळ्यात केळीचं नाव काढायचं नाही.

पहिल्याच दिवशी अंकल चहाला गेले आणि काशीरामने हाताच्या सवयीने उष्णतेचा काटा दोनशे तीसवर ठेवला. कड्यांना तेवढंच लागतं. धागा मात्र दोनशेच्या पुढे करपायला लागतो. टँकरच्या रांगेपर्यंत पोचलेला धूर तो हाच.

काटा खाली आणल्यावर पाटी झाली. पत्र्यावर भर दुपारी वजन ठेवून ती उन्हात ठेवली, तर जराही वाकली नाही. अंकल संध्याकाळी भिंतीपाशी आले तेव्हा गुणगुणत होते. दुसऱ्या दिवशी पाटी एकदाच पाडली आणि तिचा पापड झाला. धाग्याने ताठपणा आला होता, पण मार खायची ताकद गेली होती.

मग अंकल नालासोपाऱ्याच्या भंगारवाल्याकडून मोडक्या मोटारींचे बंपर घेऊन आले. त्या प्लास्टिकमध्ये रबर असतं, त्यामुळे ते धक्का पोटात घालतं. बंपरचा चुरा चौथा हिस्सा मिसळला आणि पाटी तीन वेळा टिकायला लागली. चौथ्याला न चुकता फुटायची. फुटलेला तुकडा आतून पावासारखा, नुसते बुडबुडे.

बुडबुड्यांनी अंकलचे दहा दिवस खाल्ले. उष्णता वाढवली, कमी केली. दाब वाढवला, कमी केला. धागा थोडा घातला, बारीक कापला. माझ्यासाठी मात्र हे दिवस सोन्याचे होते. अंकल चिडले की शिवी देत नाहीत, "ठीक आहे" म्हणतात, आणि त्यांचं "ठीक आहे" चार प्रकारचं आहे. नाकातलं, दातातलं, पाठ फिरवून म्हटलेलं, आणि एक नुसतंच "ठी". मला चारहींची नक्कल येते.

"आज किती वेळा टिकली, अंकल?"

"तीन."

"काल?"

"काल पण तीन. तुला दुसरा धंदा नाय काय, बाय?"

"आहे की. उद्या पुन्हा विचारायचंय."

"ठी," अंकल म्हणाले आणि घरात गेले.

बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्या ओटीवर होते. अंकल फुटलेले तुकडे ओळीने मांडून त्यांच्याकडे बघत होते. इनेझ आंटी कोळंबी सोलत होत्या. त्यांनी हात पुसले, कोपऱ्यातल्या गोणीतून धाग्याची बट काढली आणि सरळ जिभेला लावली.

"खारट हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"धागा. कुठं वाळवला तुमी?"

"सेबेस्टियनच्या वलांडीवर, बोंबील टांगायच्या बांबूंवर." अंकल जरा ताठ बसले. "बोंबलांच्या शेजारी, तीन दिवस. अख्ख्या वसईत तशी वाळवायची जागा नाय."

"बोंबलाला ती जागा बरी. तितं दर्याचा वारा, बांबूवर मीठ बसलेलं. सुके बोंबील गोनीत भरले की चार दिवसांत परत नरम का होतात? मिठाला पानी सुटतं. तुमचा धागा गोनीत बसून पानी पितोय."

अंकलनी एक तुकडा उचलला. बुडबुड्यांकडे पाहिलं. पाणी मशीनमध्ये गेलं की वाफ, आणि वाफ म्हणजे हे. आंटी पुन्हा कोळंबीकडे वळल्या.

"मी सोळा वर्सं मशीनवर हाय," अंकल म्हणाले.

"आन् मी चाळीस वर्सं बोंबलावर. पयल्या दिवशी विचारायचं ना."

त्यावर अंकल म्हणाले ते "ठीक आहे" पाचव्या प्रकारचं होतं. ते मला अजून जमलेलं नाही.

गुरुवारी धागा विहिरीच्या पाण्यात तीनदा धुतला. शुक्रवारी घराच्या कौलांवर वाळवला. शनिवारी सकाळी गाळ्यातल्या तापत्या पेटीत चार तास ठेवला आणि गरम असतानाच मशीनमध्ये घातला. दुपारी आंटींबरोबर मी गेले, कारण हे चुकवणं शक्य नव्हतं. पाटी बाहेर अंगणात होती, वाळूने भरलेली. अंकलच्या बनियनचा रंग पाटीसारखा झाला होता.

"काय बाय, किती?" त्यांनी विचारलं.

"सहाव्याला फुटणार."

"लाव पैज. फुटली तर रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात माझी नक्कल कर, मी स्वतः टाळ्या वाजवीन. नाय फुटली तर दोन खोडं सोलायची."

मी लावली. काशीरामने पाटी उचलली, शेठ मोजायला लागले. "देखो, एक." चौथ्याला अंकलनी डोळे मिटले. पाचव्याला उघडले. सहाव्याला सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आठव्याला एक कोपरा पांढरा पडला, पण उकलला नाही. दहा झाले. शेठचं समाधान होईना. ते स्वतः पोटमाळ्याच्या शिडीवर चढले आणि तिथून अकराव्यांदा पाटी सोडली. वाळू त्यांनी शिडीखाली काढून ठेवलेल्या चपलांवर सांडली. पाटी तशीच.

"देखो, रंग बघा. शेणासारखा."

"मासळीला रंग दिसत नाय, शेठ."

शेठनी पाटी उलटी केली, सुलटी केली, नखाने खरवडली. मग म्हणाले, "चला. शब्द म्हणजे शब्द. दोन नंबरचं मशीन तुमचं. शुक्रवारी. समजा?"

काशीरामने मान खाली घातली. गाळ्याच्या त्या पट्ट्यात शुक्रवारी वीज बंद असते. सकाळी आठला जाते ती संध्याकाळी येते. शुक्रवारी गाळ्यात उंदीरसुद्धा सुट्टीवर असतात.

अंकलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, आता सोळा वर्षांची शिवी बाहेर येणार, आणि मी कान टवकारले.

"सहा ते आठ असते ना वीज?" ते म्हणाले.

"असते."

"मशीन तापायला अर्धा तास. दीड तासात चाळीस पाट्या निघतील. कृष्णाच्या देवळाकडून पहिली रिक्षा साडेपाचला मिळते."

"आन् सहाचा च्या कोन देनार?" इनेझ आंटींनी विचारलं. उत्तराची वाट न बघता त्या पाटीतली उरलेली वाळू झटकायला लागल्या, कारण पाटी त्या सेबेस्टियनला दाखवायला नेणार होत्या.

मी सहावर लावली होती आणि पाटी अकरा वेळा टिकली. रविवारी मिस्सा सुटल्यावर वाडीत बसून मी दोन खोडं सोलली. एकेक पापुद्रा फळीवर ठेवून बोथट सुरीने खरवडायचा, गर गेला की धागा राहतो. दुपारचे तीन वाजले. केळीचा चीक कपड्यावरून कधीच जात नाही, हे पैज लावताना मला कुणी सांगितलं नव्हतं.