यादीतलं शेवटचं नाव

म्हसू वारला, त्यानंतर मी त्याला तीन वेळा विचारलं, "ही अडचण अजून येते का?"

म्हणजे मी नाही, बॉटनं, आपोआप मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामनं, विचारलं. पण बॉट मीच लावला होता आणि त्यातला मजकूरही माझाच. तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तेव्हा त्यानं म्हसूच्या तक्रारीचा इश्यू बंद करून टाकला.

आज म्हसूला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माझे उद्योग माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नोकरी सांभाळून मी एका ओपन सोर्स प्रोग्रामिंग लँग्वेजसाठी फुकट काम करते. जगभरातून लोक त्यातल्या चुका कळवतात, मी त्या तपासते. चूक खरी असली तर दुरुस्त करायची, नसली तर इश्यू बंद.

म्हसू खुलताबादच्या पुढं, डोंगरावरच्या वस्तीत राहायचा. घरी मेंढरं. वस्तीतला बी.एस्सी. झालेला हा पहिलाच.

दुष्काळात टँकर सुरू झाला आणि पाळी कोणाची यावरून रोज डोकी फुटायची वेळ यायला लागली. तेव्हा यानं आमच्या लँग्वेजमध्ये एक छोटासा प्रोग्राम लिहिला. यादी द्यायची, पाळीप्रमाणे नावं छापून निघायची, कागद टाकीवर चिकटवायचा.

भांडणं थांबली. काही दिवस.

मेंढरं घेऊन लांब चरायला गेलेली माणसं जसजशी परत येतील तशी त्यांची नावं यादीत खाली जोडली जायची. गयाबाई सगळ्यात शेवटी परतली. म्हणून तिचं नाव सगळ्यात खाली.

आणि छापलेल्या कागदावर ते नसायचंच.

लागोपाठ दोन पाळ्या तिचे ड्रम कोरडे राहिले. तिच्या दिराचं आणि म्हसूच्या वडलांचं चराईवरून जुनं वाकडं. वस्तीनं काय तो अर्थ काढला.

म्हसूनं इश्यू टाकला. माझं नाव मराठी दिसलं म्हणून मलाच टॅग केलं.

"ताई, मशीन नाव खातंय. लोक म्हणतेत म्याच काढलं. चूक लँग्वेजची हाय, एवढं फक्त लिहून द्या."

मी त्याची फाइल माझ्या लॅपटॉपवर चालवून पाहिली. सगळी नावं आली. मी उत्तर दिलं, "माझ्याकडे असं होत नाही."

तर हा पठ्ठ्या दोन दिवसांनी पत्ता शोधत थेट शहराकडेच्या पडेगावला, माझ्या दारात. मोटरसायकलच्या मागं घोंगडीत गुंडाळून दोरीनं आवळलेला कॉम्प्युटर.

आमच्या कॉलनीतही तेव्हा टँकरच येत होता. इमारती नव्या आणि नळ कोरडे. मी पाण्याचा तांब्या दिला तर त्यानं अर्धाच प्यायला.

"ऱ्हाऊ द्या ताई. तुमच्याबी इथं तीच गत दिसती."

कॉम्प्युटर जोडला. आणि आमच्या कामातलं कुणीही सवयीनं जे करतं तेच मी केलं. आधी लँग्वेज अपडेट केली, म्हणजे जुनं व्हर्जन काढून नवं चढवलं.

मग प्रोग्राम चालवला. गयाबाईचं नाव आलं.

"बघ, येतंय की," मी म्हणाले. खरं सांगते, तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

तो स्क्रीनकडे बघत राहिला.

"आता आलं, ताई. पण मंग आधी का येत नव्हतं? लोकं तेच इचारणार. मी काय सांगू?"

"तुझ्याकडूनच काहीतरी राहिलं असेल."

"नाय ताई. माझ्याकडून नाय राहिलं."

चहा घेतला नाही. कॉम्प्युटर परत घोंगडीत बांधला आणि गेला.

संध्याकाळी मी इश्यूवर लिहिलं, "आधीचं व्हर्जन कोणतं होतं ते कळवा." ते व्हर्जन दुपारी मीच माझ्या हातानं पुसून टाकलं होतं. तो बिचारा कुठून कळवणार?

त्यानंतर बॉटची पाळी.

इश्यू बंद झाला आणि म्हसूच्या अकाउंटवरून उत्तर आलं. "मी त्याचा चुलतभाऊ. म्हसू कावीळ होऊन वारला. दोन म्हैने झाले. हे मेल बंद करा."

मग मात्र मी जुनी व्हर्जन्स एकेक करून चढवली. तिसऱ्यालाच गयाबाईचं नाव गळालं.

फाइलमध्ये शेवटच्या नावानंतर एंटर दाबलेलं नसेल, तर ती ओळ वाचलीच जात नव्हती. बस, एवढंच. पुढं कुणीतरी दुसरंच काम करताना जाता जाता ते दुरुस्त केलं होतं. फाइल वाचणारा तो जुना भाग कुणी लिहिला होता तेही पाहिलं.

मी.

अर्धा तास लागला सगळ्याला. तो जिवंत असताना हा अर्धा तास मला मिळाला नव्हता.

इश्यू पुन्हा उघडला. स्पष्ट लिहिलं, की चूक लँग्वेजची होती, कळवणाऱ्याची नव्हती. कुठल्या कुठल्या देशांतून लोकांनी हार्ट टाकले.

आणि मी वस्तीवर जायचं टाळत राहिले. ऑफिस, रिलीज, ऊन. कारणांना काय तोटा?

काल गेले.

चूक लँग्वेजची होती, हेच मराठीत लिहून, प्रिंट काढून नेलं होतं. टाकीजवळ पाच-सहा माणसं जमली. म्हसूचे वडील खाली बघत उभे होते. मी वाचून दाखवलं.

एक जण म्हणाला, "म्हंजी पोरानं नव्हतं काढलं."

गयाबाईनं माझ्या हातातून कागद घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"म्या त्याच्या मातीला गेले नाय," ती म्हणाली. "लई जण नाय गेले."

मग मला विचारलं, "त्याला कळलं व्हतं का हे, जायच्या आधी?"

मी नाही म्हणाले.

म्हसू, तू बरोबर होतास. माफी मागायला मला तोंड नाही.
श्रद्धांजली तेवढी घे, बाबा.