जाऊबाईंची चूल

आमच्या गल्लीतली शिवणवाली तोंडाची तिखट. एकदा थोरल्या जावेच्या कमरेचं माप तिने दारात उभं राहून गल्लीला ऐकवलं, आणि तिथेच वैर पेटलं. मी ऐकलं ना! खिडकीत बसण्यापलीकडे मला दुसरा उद्योग काय?

शिवणवालीच्या लेकीला दमा. धाप लागली की पोरीचे ओठ निळे पडायचे. दवाखाना, औषधाचा पंप, सगळं सरकारी विम्याच्या कार्डावर. कार्ड मिळायचं कमी कमाईच्या घरांतल्या पोरांना, आणि एका चुलीवर जेवतात ते सगळे मिळून एक घर. शिवणवाली आणि तिचा हमाल नवरा खालच्या खोलीत. थोरला दीर आणि जाऊ वर. दिराचं फर्निचरचं दुकान जोरात. पण चुली वेगळ्या, म्हणून कार्ड टिकून होतं.

कार्डाच्या तपासणीच्या बाई आल्या तेव्हा शिवणवाली नेमकी कपडे पोचवायला गेलेली. जिन्यात जाऊबाईच भेटल्या.

"वेगळं कसलं हो? आम्ही एकत्रच जेवतो," त्या गोड हसून म्हणाल्या.

झालं! दिराची कमाईही हिशेबात धरली गेली आणि पोरीचं कार्ड रद्द.

 संध्याकाळी शिवणवालीने आपल्या खोलीला कुलूप ठोकलं, नवऱ्याला आणि पोरीला घेऊन वर गेली आणि थेट टेबलाशी बसली.

"हे काय गं?"

"जेवायला आलोय. आपली चूल एकच ना? वाढा."

दिवसभर पोती वाहणारा माणूस! मासळीचं पातेलं त्याने एकट्याने पुसून काढलं. दिराला सख्ख्या भावाला ऊठ म्हणवेना.

"मीठ कमी पडलं हं, जाऊबाई. उद्या बघा."

"उद्या?"

"उद्या, परवा, रोज!"

एके दिवशी जेवतानाच पोरीला धाप लागली. शिवणवालीने तिला उचलून जावेच्या मांडीवर ठेवलं. "घ्या, तुमच्याच घरची पोर. आणा औषध." दीर अनवाणी धावला. पंप स्वतःच्या पैशाने आणला, आणि बायकोकडे असं बघितलं, की विचारू नका.

"जाते मी ऑफिसात. सांगते, चुली वेगळ्या आहेत," जाऊबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

"ऑफिसात कशाला? तपासणीच्या बाईंनाच बोलावते. दारात उभ्या राहा आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगा."

बाई आल्या तेव्हा मी खिडकीत खुर्ची ओढून तयारच होतो.

"मी... खोटं बोलले."

"मोठ्याने!" शिवणवाली म्हणाली.

"खोटं बोलले! चुली वेगळ्या आहेत!"

बाईंनी दोन्ही स्वयंपाकघरं पाहिली. कार्ड परत मिळालं, खोलीचं कुलूप निघालं.

पुढे जाऊबाईंना कपडे सैल होऊ लागले. इतके दिवस हमालासमोर ताटात उरणार तरी काय? ते घट्ट करून घ्यायला खाली आल्या. शिवणवालीने त्यांच्या कमरेला मापाची फीत गुंडाळली आणि दारातून आरोळी ठोकली, "जाऊबाई, कमर चांगली उतरली की!"

पोर आत खदखदून हसली. हसतच राहिली, आणि धाप लागली नाही.