चुली थंड अन् घरावर धूर

सगळ्या वाचणाऱ्याईले नमस्कार. पयलेच सांगून ठेवतो, मी काही भुताखेताच्या गोष्टी मानणारी बाई नाई. माहेरी मसनाच्या बाजूलेच आमचं वावर. तथी मी एकटी राखणीले बसायची, बोरं खायची, कधी काही दिसलं नाई. कोनाच्या अंगात आलं तं मले हासूच येते, सासू चिमटा घेते तरी येते. पन जे झालं ते झालं... अन् मी एकटीनंच पाह्यलं असतं तं गप बसली असती. अथी तं मिलिट्रीनं पाह्यलं, दुर्बीण लावून पाह्यलं!

आमचं गाव आर्वीहून आष्टीकडे जातानी लागते, डांबरी रस्त्यापासून आत. नाव नाई लिहत, उगाच आमच्या ह्याईच्या नोकरीले झंझट नको. पुलगावचा मोठा डेपो सगळ्याईले माहीत हाय, तो नाई बरं. हा एक लहानसा कॅम्प होता, पेट्रोल-डिझेलचे पिंपं ठेवाचा, आता तो उठून गेला. आमच्या घराच्या मांगं नाला, नाल्याच्या पल्याड काटेरी तार, अन् तारीच्या आत उंच मचान. त्याच्यावर शिपाई उभा राहे. आमचे हे त्याच कॅम्पात आगीच्या गाडीवर होते. मिलिट्रीवाले नाई, सिव्हिलियन. पाइप धरायचे.

त्या कॅम्पाचा एक कायदा होता, तो आधी समजून घ्या. पिंपं पेट्रोलचे, अन् उन्हाळ्यात चहूकडे वाळलं गवत. म्हनून मचानावरून कोठीही धूर दिसला, कॅम्पात असो का गावात, का भोंगा वाजवाचा. आगीची गाडी पुढं, डाक्टरची गाडी तिच्या मांगं, अन् दोनीही फाटकाच्या बाहीर! कोनाले इचारायचं नाई. बाकी कशालेही वरून ऑर्डर लागे. हे म्हनायचे, "आमच्या साहेबाले शिंक आली तरी वर इचारून शिंकते."

तं त्या साली जेठात विहिरीनं तळ धरला. ते गढूळ पानी पिऊन गावात हगवन-उलटी सुरू झाली. वरच्या आळीतला एक म्हातारा गेला, मंग घरोघरी मानसं बाजेवर पडले. यष्टीचा कंडक्टर आमच्या फाट्यावर घंटीच मारत नव्हता. नर्सबाईपाशी सलाईन सरलं, ती बिचारी हात जोडे. अन् कॅम्पाचं फाटक बंद! वरून ऑर्डर आली... रोग आत याले नको, आतला आत राह्यन, बाहीरचा बाहीर. आमचे हे ड्युटीवर होते, ते आत. मी अन् माही पिंकी बाहीर.

पिंकी तवा अंगावरचंच पीत होती. तिलेही लागली. टाळू खोल गेली, डोळे आत गेले, रडे तं आसू नाई. लंगोट सकाळपासून कोरडा तो कोरडाच. मायाईनो, तुमाले समजते कोरडा लंगोट म्हंजे काय ते.

मी तिले घेऊन तारीपाशी गेली. आतून हे पळत आले.

"अवं, साखर-मिठाचं पानी देत राह्य."

"देतो नं! सारं बाहीर येते. तुमच्या डाक्टर मॅडमले धाडा."

"साहेबानं वर इचारलं हाय."

"मंग?"

"वरच्यानं त्याच्या वरच्याले इचारलं."

"अन् त्याच्या वर कोन हाय, देव? दुश्मन आला तं तुमचं इचारून होईपर्यंत तो आमच्या घरी जेवून, हात धुवून वापस जाईन!"

मचानावरचा शिपाई खुदकन हासला अन् मंग वरडला, "भाभीजी, तार से दूर!" हे नाई हासले. तारीतून बोट घालून पिंकीच्या पायाले हात लावला अन् तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी गावानं गाव बांधलं. म्हंजे शिवेवर नारळ फोडला, निंबाचे डगाल बांधले. कोनी आत येऊ नये, कोनी बाहीर जाऊ नये, अन् दिवस मावळेपर्यंत अख्ख्या गावात इस्तव पेटवू नये. चूल नाई, उदबत्ती नाई, बिडीसुद्धा नाई. आमच्या गावचा पुजारी शांताराम बुढा, तो घरोघरी जाऊन चुलीत हात घालून पाहे. माही सासू, तिले मी आत्याबाई म्हनतो, तिनं तं राख काढून चूल शेणानं सारवून ठेवली होती.

दुपारी पिंकीनं मान टाकली. मी तिले पदरात गुंडाळलं अन् निंगाली. आर्वीपर्यंत पायी जातो म्हनलं, होईन ते होईन. आत्याबाई दारात आडवी.

"पोरी, गाव बांधलं हाय. शीव नको लांघू."

"लेकरू जाऊन राह्यलं अन् तुमी शीव पाहून राह्यल्या! सरका!"

तिले हातानं बाजूले केलं अन् अंगनात पाय टाकला... अन् सावली पडली.

कसं सांगू... जेठातली दुपार, पाय भाजते अशी, अन् आमचं अंगन एकदम थंड. आभाळ आलं का म्हनून वर पाह्यलं. आभाळ कोरं, सूर्य डोक्यावर, डोळे दिपून गेले. खाली पाह्यलं, तं सावली! शेजारच्या अंगनात ऊन, रस्त्यावर ऊन, फक्त आमच्या घरावर अन् अंगनात काळी सावली, अन् ते हालून राह्यली होती, आतल्या आत गोल गोल. माहे पाय जमिनीले चिटकले. अंगावर काटा आला, आताही लिहतानी येऊन राह्यला. आत्याबाई दारातून म्हने, "बाई वं... हे कायची सावली?" म्हंजे तिलेही दिसली. पिंकीनं डोळे उघडले अन् वर पाहाले लागली, जसं काही कोनी तिले खेळवून राह्यलं.

तेवढ्यात कॅम्पाचा भोंगा वाजला.

आता आत काय झालं ते ह्याईनं मले सांगतलं. मचानावरचा शिपाई वरडला, "धुआँ!" मेजर साहेब स्वतः वर चढले. हेही मांगून चढले. काळाभोर धूर, सरळ, खांबासारखा, अन् बरोब्बर आमच्या घरावर. घर वळखू आलं, कारन छपराच्या कवेलूवर मी लाल गोधडी वाळू घातली होती. हे म्हनते, वारा असा होता का गोधडी फडफडून राह्यली होती, पन धूर काही हालत नव्हता. साहेबानं दुर्बीण लावली, काढली, पुसली, पुन्हा लावली. मंग म्हनलं, "वाजवा."

दोनी गाड्या नाल्यातून धुराळा उडवत आल्या. शिवेवर शांताराम बुढा हात पसरून उभा.

"साहेब, आज गाव बांधलं हाय. आत नाई येता येत."

साहेब साताऱ्याकडचे. ते म्हनले, "अवो बाबा, तुमचं गाव पेटलंय!"

"कोठी?"

साहेबानं बोट दाखवलं... अन् बोट तसंच राह्यलं. धूर नव्हता. काहीच नव्हतं.

पन आमच्या ह्याईले कायचा धीर! हे पाइप घेऊन धावत आले अन् घरात पाह्याच्या आधीच पानी सोडलं. आत्याबाई डोक्यापासून पायापर्यंत भिजली.

"मुडद्या! सारवलेल्या चुलीवर पानी टाकतं? मायवर टाकतं?"

"मा, आग कोठी हाय?"

"तुह्या डोक्यात!"

साहेब वाकून आत आले. चुलीत हात घातला, हाताले ओलं शेण लागलं. कवेलू पाह्यले, गोठा पाह्यला, कोठीच काही नाई. माह्याकडे पाह्यलं, माह्या पदरातल्या पोरीकडे पाह्यलं. मांगून डाक्टर मॅडम आल्या, कॅप्टन होत्या त्या, केरळच्या. पिंकीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ते तशीच उभी राह्यली.

"सर, सलाईन. अभी," मॅडम म्हनल्या.

मांगून सुभेदार म्हने, "साहब, आग नहीं है तो गाड़ी वापस लेनी पड़ेगी। ऑर्डर है।"

साहेब फिरले. "कोण म्हणतंय आग नाही?" अन् वायरलेस तोंडाले लावला. "आग बहुत फैली हुई है। गाड़ी वापस नहीं आएगी। ओवर।"

घ्या! शाळेच्या वऱ्हांड्यात दोर बांधला, दोरावर सलाईनच्या बाटल्या लोंबू लागल्या, पोरगी तिथं, म्हातारे तिथं, अख्खं गाव तिथं. बाटल्या सरल्या तं मॅडमनं कोनाले न इचारता दुसऱ्या कॅम्पाच्या साहेबाले सीधा वायरलेस लावला, म्हने आगीसाठी मदत पाठवा. तिकडूनही आगीची गाडी आली, अन् आतून काय निंगालं? सलाईनचे खोके! त्याही साहेबानं वर इचारलं नाई.

मंग पानी उकळाचं होतं. शांताराम बुढा पुन्हा आडवा. "दिवस नाई मावळला. इस्तव नाई पेटवता येत."

साहेब म्हनले, "बाबा, वायरलेसवर तुमचं गाव कवापासनं जळतंय. एका काडीनं काय होतंय?"

बुढा असा हासला का दात नसलेलं सारं तोंड दिसलं. स्वतः काडी पेटवली, पयले चूल लावली अन् त्याच काडीवर बिडी. "सकाळपासून तलफ आलती बापा!"

मंग रोजचंच. वरून इचारे, आग कशी हाय? साहेब सांगत, आटोक्यात येऊन राह्यली. हे पाइप घेऊन नुसते उभे, आत्याबाई त्याईले चिडवे, "टाक नं आता पानी, आता काऊन नाई टाकत?"

पिंकीच्या हातातली सुई मॅडमनं काढली तवा साहेब बाजूलेच होते. मले म्हनले, "दे इकडं जरा, ताई." कडेवर घेतली, अन् पोरीनं साहेबाच्या कडक इस्त्रीच्या वर्दीवर धार सोडली. अशी धार, का बूट भिजले! मी लाजेनं मरून राह्यली अन् डाक्टर मॅडम टाळ्या वाजवून राह्यल्या. "किया! किया! बच गई!" मी तथीच बसली अन् रडाले लागली. आत्याबाईनं पोरीची दृष्ट काढली, साहेबाचीही काढली, त्याच वल्या वर्दीत.

वऱ्हांड्यातल्या शेवटच्या खाटेवरचं मानूस उठून घरी गेलं तवाच साहेबानं वायरलेस घेतला. "आग बुझ गई।"

तिकडून इचारलं, आगीचं कारन काय. आमी सारे अथीच उभे. साहेबानं आमच्या घराकडे पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. मंग म्हनले, "मालूम नहीं, सर।"

पुढं त्याईची बदली झाली म्हनते. पिंकी आता धावते, एका जागी बसत नाई.

हे म्हनतात, वावटळ असन. पन वावटळ एका घरावर उभी राह्यते का? आत्याबाई म्हनते मरीमाय. मॅडम म्हनल्या होत्या, उन्हात डोळ्याले दिसते तसं. मले तं धूर दिसलाच नाई, मले सावली दिसली, अन् मचानावरच्याईले सावली दिसली नाई, धूर दिसला. दोनीचा मेळ मले अजून लावता येत नाई. तुमच्यापैकी कोनाले येत असन तं सांगजा. पन एक सांगू? भर दुपारी अंगनात ढगाची सावली आली का अजूनही मी पयले पिंकीले उचलून तिचा लंगोट चाचपतो.